शिट्टीबाईंचं नाक

४ फेब्रुवारी

आज माझ्या नवऱ्याने मला न विचारता पाच मजली भिंत घेतली. मी चहा ओतत होते. तो फोनवर म्हणाला, "हो साहेब, आम्ही करतो," आणि फोन ठेवून बिस्किटांचा डबा चाचपायला लागला. मी विचारलं, काय करतो आपण? तर म्हणे, बस आगाराच्या नव्या इमारतीची रस्त्याकडची अख्खी बाजू रंगवायची. गच्चीपासून फुटपाथपर्यंत. माझ्या हातून चहा बशीत सांडला.

गेल्या वर्षीच ठरलं होतं की मोठ्या भिंती आता बस्स झाल्या. माझे गुडघे बोलतात, त्याचंही वय झालंय. शाळांच्या कुंपणभिंती आहेत, दुकानांची शटरं आहेत, आरामात करू. हे सगळे त्याच्याच तोंडचे शब्द. "एक शेवटची मोठी करू," म्हणाला. मी म्हटलं, वर मी टांगलेली असते, तू फुटपाथवर उभा असतोस, तुझं काय जातंय. यावर तो हसला आणि माझ्या कानाकडे बघत बसला. हल्लीची ही नवीन खोड. बोलतो माझ्याशी, बघतो कानाकडे. कानाला रंग लागलाय की काय म्हणून मी दोनदा आरशात बघून आले.

६ फेब्रुवारी

भिंत बघितली. मान मागे टाकून टाकून दुखली तेव्हा कुठे गच्ची दिसली. एक खिडकी नाही, एक पाइप नाही, नुसता पांढरा गिलावा. रस्त्यापलीकडे दुकानांची रांग आहे, शिंपी, चावीवाला, रंगाचं दुकान. तिथे याची उभं राहायची जागा.

आगाराच्या साहेबांना भिंतीवर बस हवी होती. बसच्या आगारावर बस. यानेच त्यांना पटवलं की शिट्टीबाईंचा चेहरा काढू. शिट्टीबाई म्हणजे आगारासमोरच्या चौकात शिट्टी फुंकून शाळेच्या मुलांना रस्ता पार करून देणाऱ्या बाई. आता निवृत्त झाल्यात, पण दिवसभर शिंप्याच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि नव्या पोलिसाला सूचना करतात. या भागातला प्रत्येक जण कधी ना कधी त्यांचा ओरडा खाऊन मोठा झालाय. आम्ही विचारायला गेलो तर म्हणाल्या, "माझं थोबाड? एवढं मोठं? अहो, बसगाड्या मागे फिरतील." मग नाकावर बोट ठेवून म्हणाल्या, "काढायचंच तर नाक नीट काढा. आमच्या घराण्यात बघण्यासारखं तेवढंच आहे." नाक खरंच आहे. सरळ, लांब, कोणाचं ऐकून न घेणारं.

साहेबांनी विचारलं, चौकोन आखून करता की यंत्राने भिंतीवर चित्र पाडून? मी म्हटलं, आम्ही नवरा-बायको मिळून करतो. रंग दोनच, काळा आणि पांढरा. करडा डबा आमच्याकडे नसतोच, काळ्याचा रोलर अर्धा सुकवला की करडा आपोआप येतो. मी दोरावर टांगलेल्या पाळण्यात बसून वर जाते. भिंत नाकासमोर, तिथून मला नुसते डाग दिसतात, चेहरा दिसतच नाही. हा रस्त्यापलीकडे फोटो घेऊन उभा राहतो आणि फोनवरून माझ्या कानात सांगतो: डावीकडे ये, गडद कर, आता सोड. वर जो असतो त्याने वाद घालायचा नाही, हा आमचा एकच नियम. आणि काम संपेपर्यंत मी समोर जाऊन बघत नाही. पहिल्या भिंतीच्या वेळी मी सारखी उतरून बघायचे, परत चढून दुरुस्त करायचे, शेवटी ती भिंत डांबर फासल्यासारखी काळी झाली. तेव्हापासून बघणं त्याच्याकडे, रंगवणं माझ्याकडे.

"म्हणजे तुम्ही डोळे झाकून रंगवता?" साहेब म्हणाले. मी म्हटलं, डोळे उघडे असतात, फक्त ते याचे असतात.

११ फेब्रुवारी

काम सुरू झालं. आम्ही कडेकडून आत येतो. आधी केस, कान, मान, कॉलर, आणि डोळे-नाक-तोंड सगळ्यात शेवटी. पाळणा वर-खाली करणारा पाळणेवाला अबोल माणूस आहे. मी वरून खाली वाकले की डोळे मिटून घेतो. म्हटलं, पडायची मी आहे, तू का मिटतोस? म्हणाला, "मॅडम, साक्ष द्यायला लागू नये म्हणून."

हा आज भलताच रंगात होता. एका केसाच्या बटेसाठी मला तीनदा रोलर पुसायला लावला. "कानामागे अजून सुकं हवं. तिथे ऊन पडलंय." इतक्या लांबून कानामागचं ऊन दिसतं या माणसाला. चिडचिड झाली, पण मनात म्हटलं, याच्यासारखा डोळा सापडायचा नाही.

रस्त्यावरच्या लोकांनी आमचं बारसं करून टाकलंय. मी वरच्या बाई आणि हा खालचे काका.

१४ फेब्रुवारी

रंगवाल्या शेठने मला थांबवून तक्रार केली. "काका आमच्यावर रागावलेत का? समोरून गेले, मी नमस्कार केला, बघितलंसुद्धा नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन याला विचारलं तर म्हणे, लक्ष नव्हतं. लक्ष कुठे असतं कोण जाणे. आज एक बूट तपकिरी आणि एक काळा घालून दिवसभर रस्त्यात उभा होता. मी म्हटलं, एवढा मोठा कलावंत झालायस का आता?

एक गोष्ट मात्र बरी झालीय. रोज सकाळी पेपर मला मोठ्याने वाचायला लावतो. "तुझ्या आवाजात बातम्या कमी वाईट वाटतात," म्हणतो. या वयात नवऱ्याकडून असं काही ऐकायला मिळालं तर कोण नाही म्हणेल. मी अग्रलेखसुद्धा वाचून दाखवते.

१८ फेब्रुवारी

आज मंगळवार. दर मंगळवारी दुपारी काम थांबवून हा कुठेतरी जातो. विचारलं की "जरा काम होतं". संध्याकाळी डोळे लाल करून येतो, म्हणतो धूळ गेली. लेकीचा फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून बोलतो. बाप-लेकीचं एवढं काय गुपित असतं? विचारलं की दोघंही मिठाची गुळणी धरून बसतात. माझ्या मनात नको नको ते येतं. नोकरी-धंदा सोडून लेकीकडे कायमचं राहायला जायचा बेत असेल तर मला आधी सांगायला हवं.

आणि आज पाळण्यात बसून पाणी पिताना मागे वळले तर काय बघावं? शिट्टीबाई याचा हात धरून याला रस्ता पार करून देतायत. दुसरा हात वर करून गाड्या थांबवल्यात आणि हा त्यांच्या बाजूने शाळेतल्या पोरासारखा चाललाय. मी वरूनच फोनवर म्हटलं, "अरे, जरा वयाची लाज बाळग." तो म्हणाला, "त्यांची सवय आहे गं ती. मोडवत नाही." असू दे. बाईंचं वय सत्तरीच्या पुढे आहे म्हणून सोडून दिलं.

२३ फेब्रुवारी

मधल्या भागात आलोय आणि हा माणूस बिघडलाय. कडा होत्या तोवर कानात धबधबा चालू होता, आता शुकशुकाट. मी रोलर धरून टांगलेली, आणि फोनमध्ये नुसता गाड्यांचा आवाज. "अरे, आहेस का?" तर म्हणतो, "विचार करतोय." मग एकदम सांगतो, उजवीकडे ये, गडद कर, लांब ओढ. आज मला वाटलं आपण गालावर आलोय आणि हा नाकाची सावली सांगतोय. मी विचारलं, "नक्की?" "नक्की. फोटो पाठ आहे मला." पाठ कशाला हवा, हातात आहे ना, असं तोंडावर आलं होतं. पण मी वर होते, म्हणून गप्प बसले.

मला वाटतं तो माझ्यावर धुसफुसतोय. मंगळवारांबद्दल फार खोदून विचारलं म्हणून. मीही मग संध्याकाळी जेवताना त्याच्याकडे डोळे वटारून बघत राहिले. त्याच्यावर काही परिणाम नाही. शांतपणे भात खात होता. इतका निगरगट्ट कधी झाला हा?

कोणीतरी प्रवासी पाळणेवाल्याला विचारून गेला म्हणे, या चित्रातल्या बाईंचा अपघात झाला होता का? लोकांना चित्र कळत नाही. अर्धवट काम बघून तोंड उचकटतात.

२७ फेब्रुवारी

सकाळी शेवटचा हात मारला. तो कानात म्हणाला, "झालं." पाळणा खाली आला. मी हात पुसले, मान खाली घालून रस्ता ओलांडला, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मग वर बघितलं.

आधी कडा बघितल्या. 

केस अस्सल. कान अस्सल, कानातलं हलेल असं वाटतं. मान, कॉलर, कॉलरवरून खाली आलेली शिट्टीची दोरी, हात लावून बघावा इतकं खरं. आणि मध्ये चेहरा नाही. ओल्या रंगावरून कोणी फडकं फिरवावं तसं काहीतरी आहे. एक डोळा कपाळात गेलाय, दुसरा गालावर उतरलाय. नाकाची सावली एकदा इथे आणि परत एकदा तिथे. तोंड बंद आहे की उघडं तेही कळत नाही. आणि हे सगळं पाच मजली, चौकाच्या तोंडावर, कोणालाही न चुकवता येणारं.

मी मागे वळले. रस्त्यावरचे लोक भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होते. रंगवाला शेठ माझी नजर चुकवून दुकानात आत गेला. शिट्टीबाई खुर्चीत होत्या, त्यांनी मान खाली घातली. आणि हा? हा मान जरा तिरकी करून भिंतीकडे बघत उभा, चेहऱ्यावर अर्धवट हसू. मला विचारतो, "कशी झालीय?"

इतक्या वर्षांत त्याने मला हे कधी विचारलेलं नाही. सांगणारा तो आणि ऐकणारी मी. मला वाटलं चेष्टा करतोय. तळपायाची आग मस्तकात गेली. मी भर रस्त्यात ओरडले, "तुला दिसत नाही का?"

"नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, थट्टा पुरे. तो म्हणाला, "थट्टा नाही गं. कडेचं दिसतं. मधलं दिसत नाही." घरात दूध संपलंय असं सांगावं त्या आवाजात.

मी शिंप्याच्या पायरीवर बसले. पुढचं काही आठवत नाही. शिंप्याने पाणी दिलं असावं, कारण पदर ओला होता.

२८ फेब्रुवारी

सगळं सांगितलं त्याने. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला, आणि प्रत्येक उत्तराबरोबर मला नव्याने धक्का बसत गेला. आता धक्का बसायला अंगात जागा उरलेली नाही.

आधी डावा डोळा गेला, मग उजवा. पूर्ण नाही. जिथे बघावं तिथे नेमका राखाडी ठिपका, बाजूचं सगळं जागच्या जागी. मंगळवारी दवाखान्यात औषध घालून डोळे तपासतात आणि महिन्यातून एकदा डोळ्यात सुई देतात, ठिपका आणखी पसरू नये म्हणून. डोळ्यात सुई. आणि हा माणूस संध्याकाळी घरी येऊन माझ्यासोबत मटार सोलत बसायचा.

मी विचारलं, "माझं तोंड दिसतं का?"

"कानाकडे बघितलं की गाल थोडा येतो."

"आणि सरळ बघितलं की?"

"सरळ बघितलं की तू नसतेस."

हे तो वाईट वाटून बोलला नाही, माहिती म्हणून बोलला. मला मात्र रडू फुटलं, आणि रडतानाच लक्षात आलं की मी रडतेय हे त्याला दिसत नाहीये. कित्येक महिने झाले या गोष्टीला. एवढ्या दिवसांत मी या माणसावर किती वेळा डोळे वटारले, नाक मुरडलं, ओठ आवळले, भांडणात तोंडाने जे बोलवत नाही ते चेहऱ्याने बोलले. सगळं वाया गेलं. चांगलंही काही बघितलं असेल त्याच्याकडे, तेही वाया गेलं.

मला का नाही सांगितलंस, यावर तो म्हणाला, "सांगितलं असतं तर ही भिंत तू घेतली असतीस?" नसती घेतली. घरी बसवून ठेवलं असतं याला, उशीला टेकवून. ते त्याला ठाऊक होतं. "एक मोठी भिंत आपल्या पद्धतीने करायची होती. कडा दिसत होत्या. मधल्या भागासाठी फोटो भिंगाखाली धरून पाठ केला. वाटलं, निभेल."

निभेल, म्हणे. मी म्हटलं, एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडाचा चिखल केलास तू माझ्या हातून. त्याने मान तिरकी केली. मग म्हणाला, "एवढं वाईट आहे?" तेव्हा मला कळलं की त्याला अजूनही माहीत नाही भिंतीवर काय आहे. मीच सांगायचं होतं ते. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

लेकीला फोन केला. तिला पहिल्यापासून माहीत होतं. "बाबांनी शपथ घातली होती, आई." म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत. मी चेहरे काढून पोट भरते, आणि समोरच्या ताटावर बसणारा एक चेहरा मला वाचता आला नाही. हे मी कोणाला सांगणार आहे?

२ मार्च

साहेब परगावाहून आले आणि थेट भिंतीसमोर गाडी थांबवली. काचेतून बघितलं, उतरले, परत बघितलं. मला वाटलं ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे काय आहे?" याहून ओरडले असते तर बरं झालं असतं. आठ तारखेला इमारतीचं उद्घाटन आहे. तोवर नीट करा, नाहीतर सात तारखेला संध्याकाळी माणसं लावून पांढरी करून टाकतो.

तिथून शिट्टीबाईंकडे गेले. पाय धरायचीच तयारी होती. त्यांची खुर्ची बरोबर भिंतीसमोर. म्हणजे रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या आपला चेहरा असा वाकडा होत जाताना बघत होत्या. मी म्हटलं, "एका शब्दाने बोलायचं नाही का हो?"

"कशी बोलू? तुमच्या मिस्टरांना दिसत नाही हे दुसऱ्याच दिवशी कळलं मला. चालत्या बससमोर उतरत होते. माझा आवाज ऐकून थांबले. मग रोज मीच आणायचे पलीकडे. म्हणाले, बायकोला बोलू नका, भिंत होऊ दे."

"पण तुमचं नाक..."

"ते दिसत होतं मला. डोळे आहेत ना मला." त्यांनी भिंतीकडे हात केला. "इतके मनापासून सांगायचे ते तुम्हाला. एका हाताने हवेत माझं तोंड काढायचे, फोनवर बोलता बोलता. मला वाटलं, शेवटी जुळवतील."

चावीवाला, शिंपी, शेठ, सगळ्यांना माहीत. अख्खा रस्ता माझ्या पाठीमागे गप्प उभा होता आणि मी वरून म्हणत होते की लोकांना चित्र कळत नाही.

४ मार्च

मधला भाग काल मीच पांढरा केला. तो पांढरा गोल बघवत नाही.

लेक सुट्टी काढून आली. तिला समोर उभं केलं, फोटो दिला, मी वर गेले. "आई, थोडं वर. नाही, खाली. आई, मला ठीकच वाटतंय गं." ठीकच. तिचा दोष नाही, तिला हिशेब चोख जमतो, सावली दिसत नाही. मग मीच उतरून बघायला लागले. बघायचं, चढायचं, दोन हात मारायचे, उतरायचं. दुपारपर्यंत नाकाच्या जागी काळा ठिक्कर पट्टा. तोच जुना रोग. परत सगळं पांढरं केलं आणि पायरीवर येऊन बसले. मी म्हटलं, सांगा साहेबांना, फासू देत चुना. आपलं संपलं.

हा पायरीवर बाजूलाच होता. म्हणाला, "मी वर जातो."

 या माणसाने आयुष्यात स्टुलावर चढून दिवा बदललेला नाही. लेक लहान असताना एका मित्राच्या गच्चीवर गेलो होतो, तिथे हा टाकीला पाठ लावून खाली बसला तो उतरायची वेळ झाल्यावरच उठला. म्हणून तर तो खाली आणि मी वर.

"तुला चक्कर येते," मी म्हटलं.

"खाली बघितलं की यायची. आता काय दिसणार आहे खाली?"

"आणि रंगवणार कसा?"

"तुला तरी वरून कुठे काय दिसतं? तूच सांगतेस ना, नुसते डाग. रोलरची कड मला दिसते. बाकी तू सांग."

लेकीने आरडाओरडा केला. मीही नाही म्हटलं, दोनदा, तीनदा. त्याचं एकच, "बघणारं कोणी राहिलं असेल तर ती तूच आहेस." शिट्टीबाई खुर्चीतून म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना. पट्टे दोन बांधा." पाळणेवाला म्हणाला, "मी वर जाऊन धरतो काकांना, मॅडम. या वेळी डोळे उघडे ठेवतो."

५ मार्च

तो वर गेला.

मी रस्त्यापलीकडे त्याच्या जागी उभी राहिले, कानात फोन, हातात फोटो. पाळणा चढत गेला तसा तो बारीक होत गेला, आणि शेवटी भिंतीवर बोटाएवढा उरला. वाऱ्याने पाळणा हलला आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. इथून असं दिसतं? मी रोज अशी दिसायचे? एवढ्याशा जिवाला दोरीवर टांगलेलं बघत हा माणूस इतकी वर्षं "डावीकडे ये, सुकं कर" म्हणत होता, आणि मी घरी आल्यावर म्हणायचे, तुझं काय जातंय.

"अगं, बोल की," तो कानात म्हणाला.

बोलले. काय बोलले ते धड आठवत नाही. सबंध दिवसात एक भुवई झाली. पण भुवई जागेवर आहे. मी खाली बसून रडले, शिंप्याने परत पाणी दिलं.

७ मार्च

काल डोळे झाले, ओठ झाले. आज नाक होतं.

बघणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं.  एक शब्द चुकला की हातभर काळं पडतं. मी म्हटलं, नाकपुडीच्या वरून सुरू कर, सरळ वर चल, हळू, आता सुकं, अजून सुकं, थांब. तो थांबला. एकदाही नक्की का म्हणून विचारलं नाही. मी एकदा चुकीचं सांगितलं, तेही त्याने निमूट केलं आणि निमूट पुसलं. त्याच्या जागी मी असते तर भांडले असते.

मग नाकाची शेवटची सावली पडली आणि भिंतीवरून शिट्टीबाई आमच्याकडे बघायला लागल्या. खुर्चीतल्या शिट्टीबाई उठून उभ्या राहिल्या.  साहेब आले होते, त्यांनी मला लांबूनच हात जोडले आणि गेले. चुना फासायला आणलेल्या माणसांना परत पाठवलं म्हणे.

तेव्हा दुपारसुद्धा झाली नव्हती. झालं, एवढंच म्हणायचं होतं. पाळणा खाली आला असता, पट्टे सुटले असते आणि हा रस्ता ओलांडून कोणाचा तरी हात धरून माझ्याकडे आला असता. त्यानंतर मंगळवार आणि दवाखाना आणि घर. माझ्या तोंडून तो शब्द निघेना. मी म्हटलं, "डावीकडे जरा ये." तो आला. "अजून थोडं सुकं फिरव." त्याने फिरवलं. काही गरज नव्हती. मग उजवीकडे नेलं, मग हनुवटीकडे, मग परत वर. पाळणेवाला वरून माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं असणार, तरी तो पाळणा सरकवत राहिला. लेक दोनदा म्हणाली, आई, झालंय ना? मी तिला चहा सांगायला पाठवलं. ऊन उतरेपर्यंत मी त्याला त्या चेहऱ्यावर असं फिरवत ठेवलं.

शेवटी तो कानात म्हणाला, "अगं, रोलर कोरडा आहे. मघापासून."

"तुला कधी कळलं?"

"आवाजावरून. दुपारीच."

"मग बोलला का नाहीस?"

"तू थांब म्हणाली नाहीस."

  फोनमध्ये नुसता वारा होता आणि त्याचा श्वास. मग मी म्हटलं, "झालं. उतर आता."